सत्ताविभाजन, भारतीय संविधानातील

सत्ताविभाजन : कायदे करणे, ते अंमलात आणणे आणि त्यांचा अर्थ लावून तंटे निवाडणे ही शासनाची तीन कामे एकाच हाती एकवटू नयेत, असे सांगणारे राज्यशास्त्रातील तत्त्व. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्य याने १७४८ मध्ये त्याची प्रसिद्ध मांडणी केली. अमेरिकेत अध्यक्षांच्या मंत्रिमंडळातील व्यक्तीला काँग्रेसचे सदस्यत्व ठेवता येत नाही. भारतात मात्र मंत्रिमंडळ संसदेतूनच घडते आणि लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते (अनुच्छेद ७५). तिन्ही अंगे पूर्णपणे विभक्त असावीत, अशी के. टी. शाह यांची दुरुस्ती संविधान सभेने डिसेंबर १९४८ मध्ये फेटाळली. त्यामुळे येथे विभागणी आहे ती माणसांची नसून मुख्यतः कामांची, आणि राम जवाया कपूर खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयानेही साधारण हाच अर्थ लावला. न्यायसंस्थेच्या बाबतीत संविधान अधिक कडक आहे : अनुच्छेद ५० हे निदेशक तत्त्व तिला कार्यकारी यंत्रणेपासून वेगळे करण्यास सांगते, तर न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर, पदच्युतीचा प्रस्ताव वगळता, संसदेत चर्चा करता येत नाही (अनुच्छेद १२१).

या रचनेची खरी कसोटी वटहुकुमांत लागते. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज भासल्यास राष्ट्रपती वा राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम, म्हणजे कायद्याइतकाच प्रभावी असा तात्पुरता आदेश, काढू शकतात (अनुच्छेद १२३ व २१३). सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपुष्टात येतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर चालत नसल्याने त्याचे आयुष्य फार तर साडेसात महिने. बिहारमध्ये मात्र १९६७ ते १९८१ या काळात निघालेले २५६ वटहुकूम पुनःपुन्हा जारी करून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी ही नोंद संशोधनातून उजेडात आणली आणि ते स्वतःच न्यायालयात गेले. अभ्यासकाने आपले निष्कर्ष असे याचिकेपर्यंत नेणे विरळाच. कार्यकारी मंडळाने विधिमंडळाची जागा घेणे ही संविधानाशी केलेली लबाडी आहे, असे न्यायालयाने त्या प्रकरणात ठरविले. २०१७ मध्ये कृष्णकुमार सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आणखी पुढे जाऊन वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असल्याचा निर्णय दिला.