'राजी'चे परीक्षक



वसंत व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की मी ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच गावात हुतात्मा झालेल्या शिरीषकुमारांविषयी बोलेन, नाही तर गिरणी कामगारांच्या संपाविषयी. मी म्हटले, एका व्हिडिओ गेमची हकिकत सांगतो. चिटणीस हसले. "आप्पा, पोरांचा खेळ तो, त्याचा कसला इतिहास?" त्यांना मी दोष देत नाही. तमाशाला, नाटकाला आणि बोलपटालाही एके काळी शहाण्या माणसांनी असेच हसून बाजूला सारले होते.

माझे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा या विषयातला पंडित म्हणून मी उभा नाही. मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायांच्या मजुरीचा हिशेब मांडता मांडता माझी अर्धी उमर गेली, आणि दुसऱ्याच्या कामाची किंमत कोण ठरवतो, कशावरून ठरवतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात कायमचा रुतून बसला. 'राजी' या खेळाच्या हकिकतीत तोच प्रश्न मला पुन्हा भेटला.

नंदुरबारला व्हिडिओ गेम आला तो धुळे जिल्ह्यातून आपला जिल्हा वेगळा व्हायच्या, म्हणजे १९९८ च्या, काही वर्षे आधी. एका खोलीत दोन-तीन टीव्ही, त्यांना जोडलेली स्वस्तातली यंत्रे, आणि तासावर पैसे. आमच्या एका साथीचा मुलगा शाळा बुडवून तेथे बसे. त्याला ओढून आणायला मी गेलो आणि स्वतःच अर्धा तास उभा राहिलो. 'काँट्रा' नावाच्या खेळात दोन शिपाई गोळ्या झाडत धावत होते. कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली असता तीस जीव मिळतात, हे पोरांनी वहीच्या कागदावर उतरून घेतले होते. कोणता खेळ चांगला आणि कोणता टाकाऊ, याचा निकालही तेथेच लागे. ज्या कॅसेटला गिऱ्हाईक नाही ती दुकानदार दुसऱ्या दिवशी काढून टाकी. सारंगखेड्याच्या यात्रेत डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालते, तिचा निकालही असाच जागच्या जागी थाळीत पडतो.

बाहेरच्या जगात मात्र तोवर परीक्षणाचा व्यवसाय उभा राहिला होता. जपानात १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० साली 'पॅक-मॅन' निघाला. १९८१ साली इंग्लंडात या खेळांना वाहिलेले मासिक सुरू झाले. १९८६ साली जपानात 'फामित्सु' निघाले. त्याची पद्धत अशी की चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे आणि चाळिसांत बेरीज मांडायची. पुढे २००१ साली अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' आले. ठिकठिकाणच्या परीक्षकांचे गुण गोळा करून, कोणाला जास्त वजन, कोणाला कमी, असे धरून ते शंभरापैकी एकच आकडा काढते. वर त्याला हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग. परीक्षकाने चार पाने लिहिली असली तरी धावत्या वाचकाच्या हाती तेवढा रंगच लागतो.

या एका आकड्याने काय होऊ शकते ते पाहा. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या 'ऑब्सिडियन' नावाच्या कंपनीने 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ बनवला. प्रकाशक वेगळा. पुढे २०१२ साली ऑब्सिडियनच्याच एका भागीदाराने जाहीरपणे सांगितले की करारात मोबदला ठोक होता, विक्रीतला वाटा नव्हता, आणि बोनस मिळायचा तो मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तरच. गुण पडले ८४. एका गुणाने बोनस गेला! बंधूंनो, बोनसच्या कायद्यातला ८.३३ टक्के हा आकडा मला झोपेत विचारला तरी सांगता येतो, कारण तो कायद्याने बांधलेला आहे आणि त्यामागे कामगारांची भांडणे आहेत. परंतु ज्यांनी खेळ बनवला नाही आणि ज्यांना त्या कराराची खबरही नाही, अशा लोकांच्या गुणांची सरासरी काढून बोनस ठरवायचा, ही रीत मी तरी दुसऱ्या कोणत्या धंद्यात पाहिली नाही. पथारीवरचा व्यापारीसुद्धा निदान मूठभर मिरची हातात घेऊन पाहतो.

आता 'राजी'कडे येतो. पुण्यात २०१७ साली 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाची एक लहान मंडळी उभी राहिली. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. त्याच वर्षी त्यांनी 'किकस्टार्टर'वर जगभरच्या लोकांकडे वर्गणी मागितली. तेथला नियम असा की ठरलेली रक्कम पुरी झाली नाही तर काहीच हाती येत नाही. रक्कम पुरी झाली नाही. काम थांबू नये म्हणून श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. आपल्याकडे नाटक कंपनी काढणाऱ्यांनी दागिने गहाण टाकल्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. ही गोष्टही त्याच जातीची आहे.

खेळाची कथा साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू कसरतीचे खेळ करून पोट भरतात. असुर चालून येतात आणि पोरांना पळवून नेतात. त्यांत गोलूही जातो. मग दुर्गेकडून त्रिशूळ आणि विष्णूकडून धनुष्य मिळवून ही पोर महाबलासुराच्या मागे निघते. भिंतीवरून धावते, खांबावर चढते, कठड्यावरून झेप घेते. खेळणाऱ्याला सारे काही उंच गच्चीवरून पाहावे तसे दिसते. महाल राजस्थानी धाटणीचे आहेत आणि रंग पहाडी चित्रांचे. मधली कथा छायाबाहुल्यांनी सांगितली आहे. कोकणात पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात, त्यांची आठवण व्हावी. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक गृहस्थाने दिलेले आहे. आपल्या वाद्यांवर त्याने परक्या मुलखात बसून मेहनत घेतली.

हा खेळ मुद्दामच जुन्या वळणाचा आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे आपल्यावर ऋण आहे, हे करणाऱ्यांनी लपवले नाही. तो मूळ खेळ १९८९ चा. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली. म्हणजे त्या राजपुत्राच्या अंगात एका पाठच्या भावाची धाव आहे, आणि इकडे राजी भावासाठी धावते आहे. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडला.

'राजी' १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम 'निन्टेंडो स्विच' या यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबरला संगणकावर व इतर यंत्रांवर. टाळेबंदीमुळे माझा भाचा पुण्याचे काम घेऊन घरी आला होता. त्याच्या खांद्यावरून मी हा खेळ पाहिला, आणि त्याच्याकडूनच परदेशातली परीक्षणे समजून घेतली.

परीक्षकांचे मत संमिश्र पडले. चित्रे, वास्तू, संगीत आणि हिंदू-बाली पुराणांच्या वाटेने जाणारी कथा यांची बहुतेकांनी मनापासून स्तुती केली. मग दोष. लढाईत शस्त्राचा वार हाताला हवा तसा लागत नाही. कोडी फार सोपी. देवांचे निवेदन फार, त्यामुळे खेळणाऱ्याने पाहून जे ओळखावे ते आधीच सांगून टाकले जाते. आणि पाच-सहा तासांत खेळ आटोपतो, तोही मध्येच तोडल्यासारखा.

हे ऐकून प्रथम मला राग आला, ते कबूल करतो. घर विकून, वर्षानुवर्षे राबून केलेली वस्तू, आणि आरामखुर्चीतला साहेब म्हणतो, लांबी कमी आहे! मी भाच्याला म्हणालो, हे आपल्याला नेहमी असेच तोलणार. तो म्हणाला, "मामा, तुम्ही स्वतः खेळून पाहा." मी खेळलो. पहिल्या टोळीतल्या असुरांनी मला अकरा वेळा मारले. त्यांतल्या निम्म्या वेळी चूक माझ्या म्हाताऱ्या बोटांची होती. परंतु उरलेल्या वेळी मी बटण दाबले होते आणि त्रिशूळ उशिरा फिरला होता. परीक्षकाचे म्हणणे खरे होते.

त्याच सुमारास आपल्याकडची जी लिखाणे माझ्या वाचनात आली त्यांत जिकडे तिकडे अभिमान भरलेला होता. भारताचा पहिला मोठा खेळ, भारताची शान, वगैरे. पहिला म्हणणेही पुरते बरोबर नव्हे. हैदराबादेत २०१७ सालीच 'असुर' हा खेळ निघालेला होता. त्रिशूळ उशिरा फिरतो, ही गोष्ट मात्र या लिखाणांत मला कोठे सापडली नाही. आमच्या संघटनेत नव्या कार्यकर्त्याचे पहिले भाषण झाले की सारे टाळ्या वाजवतात आणि एखादाच जुना माणूस त्याला बाजूला घेऊन सांगतो, तुझा तिसरा मुद्दा लंगडा होता. त्या तरुणाला खरोखर बरोबरीचा कोण मानतो? मला वाटते, परदेशातल्या त्या खडूस परीक्षकांनी पुण्याच्या मंडळींना बरोबरीचे मानले. गरिबाघरचे पोर म्हणून त्यांनी गुण वाढवून दिले नाहीत.

त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेतल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या पदार्पणाच्या बक्षिसासाठी जे पाच खेळ निवडले त्यांत 'राजी' होता. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला गेले. आणि या मंडळींनी परीक्षणांतले दोष भिंतीवर लावून ठेवले असावेत, असे पुढच्या कामावरून वाटते. २०२२ साली सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात लढाई दुरुस्त केलेली होती आणि पात्रे हिंदी बोलत होती. ज्यांनी चार पाने लिहून कारणे दिली होती त्यांचा येथे उपयोग झाला. शंभरापैकी अमुक या आकड्यावरून त्रिशूळाची दुरुस्ती कोणाला करता आली असती?

गेल्या हंगामात एका पथारीवर दुपारच्या सुट्टीत मी हा खेळ मोबाईलवर चित्रफितीत दाखवला. व्यापाऱ्याने त्या दिवशी ओल्या मालाची सबब सांगून मजुरी कापली होती आणि बाया चिडलेल्या होत्या. तरी त्या भोवती जमल्या. पहाडी रंग, महाल, देव यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. एवढीशी पोर एकटी हिंडते, तिला भूक लागत नाही का, असे एकीने विचारले. हा दोष कोणत्याही परीक्षकाने काढलेला नव्हता. चित्रफीत संपली तशी मिरचीने लाल झालेले हात पदराला पुसत एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, मंग तिले भाऊ भेटना का?"

मी सांगितले, खेळ मध्येच तोडल्यासारखा संपतो, साता समुद्रापलीकडच्या परीक्षकांचीही हीच तक्रार आहे. म्हातारीने मान हलवली आणि पुन्हा देठ खुडायला बसली.