बाल लैंगिक शोषणविषयक आंतरराष्ट्रीय डेटाबेस

बाल लैंगिक शोषणविषयक आंतरराष्ट्रीय डेटाबेस हा इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने चालवलेला छायाचित्रे व चित्रफितींचा संग्रह आहे. तपासात हाती आलेल्या अशा साहित्यातील बालकांची ओळख पटवून त्यांची सुटका करणे, हा त्याचा मुख्य उद्देश होय. गुन्हेगाराचा माग बहुधा त्यातूनच लागतो.

पार्श्वभूमी

‘वंडरलँड क्लब’ या इंटरनेटवरील टोळीविरुद्ध ब्रिटिश पोलिसांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन कॅथीड्रल’ राबवण्यात आले. २ सप्टेंबर १९९८ रोजी अनेक देशांत एकाच वेळी छापे घालून शंभराहून अधिक जणांना अटक झाली. एका देशात छापा आधी पडला असता, तर इतरत्र पुरावे नष्ट करण्यास थोडा अवधीही पुरला असता. म्हणून वेळ जुळवणे अत्यावश्यक होते. पोलिसांच्या दृष्टीने कारवाई यशस्वी ठरली. मात्र जप्त केलेल्या साडेसात लाखांहून अधिक छायाचित्रांत १,२६३ बालके आढळली आणि २००१ मध्ये ब्रिटनमधील आरोपींना शिक्षा झाली, तोवर त्यांपैकी केवळ १६ जणांची ओळख पटली होती.

इंटरपोलने २००१ मध्ये प्रतिमांचा पहिला संग्रह सुरू केला. मार्च २००९ मध्ये त्याची जागा सध्याच्या डेटाबेसने घेतली व सदस्य देशांतील तपास अधिकाऱ्यांना तो सुरक्षित जाळ्यावरून थेट पाहता येऊ लागला.

कार्यपद्धती

नवे छायाचित्र हाती आले, की ते आधीच नोंदलेले आहे का, हे संगणकप्रणाली तपासते. अन्य देशात त्या बालकाची ओळख पटली असल्यास दुबार तपासाचे श्रम वाचतात. एरवी अधिकाऱ्यांचे लक्ष पार्श्वभूमीवर असते. विजेच्या सॉकेटचा आकार, शाळेचा गणवेश, बाटलीवरील लेबल, चित्रफितीत ऐकू येणारी भाषा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या खुणांवरून देश, क्वचित गावही निश्चित होते. एका देशातील पोलिसांना अनोळखी वाटणारी वस्तू दुसऱ्या देशात घरोघरी असू शकते. सहकार्याचे खरे मोल येथे दिसते.

जाहीर आवाहन हा अपवादात्मक मार्ग आहे. २००७ मध्ये एका गुन्हेगाराने छायाचित्रांतील स्वतःचा चेहरा संगणकावर भोवऱ्यासारखा पिळून लपवला होता. जर्मन पोलिसांनी तो पूर्ववत केला. इंटरपोलने ८ ऑक्टोबर रोजी तो प्रसिद्ध केला आणि १९ ऑक्टोबरला त्या व्यक्तीस थायलंडमध्ये अटक झाली.

भारत

भारत जुलै २०२२ मध्ये या डेटाबेसशी जोडला गेला. असा तो ६८वा देश होता. केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजेच सीबीआय, हा इंटरपोलसाठी भारताचा दुवा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन मेघचक्र’ अंतर्गत देशभर छापे घातले. त्यामागील माहिती न्यूझीलंड पोलिसांकडून इंटरपोलच्या सिंगापूर येथील पथकामार्फत आली होती.

संज्ञा

अशा साहित्यास ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ म्हणणे इंटरपोल टाळते, कारण त्या शब्दातून गुन्ह्याऐवजी करमणुकीचा भास होतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयांनी ही संज्ञा वापरू नये, असे सांगितले.