नगरसेवक आणि पालिकेचे सेवक : उपनगरांच्या संदर्भात उत्तरदायित्वाचा विचार

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात ‘पालिकेचे अधिकारी व सेवक’ असा शब्दप्रयोग जागोजाग आढळतो. निवडून आलेल्या सदस्यास मात्र अधिनियमाची मूळ संहिता सेवक म्हणत नाही. तिच्या दृष्टीने तो ‘कौन्सिलर’, म्हणजे विचारविनिमयास बसणारा गृहस्थ होय. मराठीने पुढे त्यालाही ‘नगरसेवक’ म्हटले आणि एकाच इमारतीत दोन प्रकारचे सेवक नांदू लागले. त्यांपैकी एकाच्या वर्तनाला शिस्तीचे नियम आहेत, चौकशी आहे, निलंबन आहे. दुसऱ्याच्या वर्तनाला यांपैकी फारसे काही नाही. ही विषमता कशी उत्पन्न झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आर्थर क्रॉफर्ड हा १८६५ पासून मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याच्या उधळ्या पण कर्तबगार कारभारामुळे १८७१ मध्ये करदात्यांचे आंदोलन उभे राहिले. कमिशनरचे पद मोडून कार्यकारी सत्ता एखाद्या मंडळाकडे द्यावी, असा त्या वेळी अनेकांचा आग्रह होता. तरुण फिरोजशहा मेहतांनी या मताला विरोध केला. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, मात्र त्याच्यावर लोकनियुक्त सभेचा अंकुश असावा, अशी त्यांची भूमिका होती. १८७२ च्या अधिनियमाने या दिशेने पाऊल टाकले. १८८८ च्या अधिनियमाच्या वेळी मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही कायदेमंडळात होते. त्यांनी महापालिकेच्या श्रेष्ठत्वासाठी झगडा दिला. तथापि ६४ व्या कलमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडेच राहिली, आणि बहुसंख्य नोकरवर्गाची नेमणूक व शिक्षा यांचा अधिकारही त्याच्याचकडे गेला. सदस्याच्या हाती उरले ते शब्दाचे शस्त्र : प्रश्न, ठराव, अंदाजपत्रकावरील भाषण. कारकुनाला किंवा मुकादमाला थेट आज्ञा करण्याचा अधिकार एकट्या सदस्यास या रचनेत नव्हता, आणि आजही नाही.

उपनगरांची परंपरा मात्र निराळी होती. पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ यांसारख्या नगरपालिका १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमाच्या घडणीतल्या होत्या. तेथे कारभाराची सूत्रे निर्वाचित अध्यक्ष आणि समित्या यांच्या हाती असत. गावचा सदस्य हाच नोकराचा धनी असे. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत आले, तेव्हा हा नोकरवर्ग एका फटक्यात आयुक्ताच्या शिस्तीखाली गेला. कायदा एका दिवसात बदलतो. सदस्याने गटारावरच्या माणसाला नावाने हाक मारून काम सांगायचे, ही सवय तशी बदलत नाही. या सवयीत सगळेच वाईट होते असे नव्हे. जॉर्ज फर्नांडिस १९६१ ते १९६८ या काळात महापालिकेचे सदस्य होते आणि तेच पालिका-कामगारांचे पुढारीही होते. सदस्य आणि सेवक यांचे नाते धाकाचेच असले पाहिजे असे नाही, हे दाखविण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

सदस्याच्या वर्तनाविषयी कायदा पूर्णपणे मुका आहे असेही म्हणता येत नाही. मुलुंडची शीव ओलांडली की ठाण्यात लागू असलेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम भेटतो. त्यातील प्रश्नांसंबंधीचे ४४ वे कलम भाषाभ्यासकाने अवश्य वाचावे. प्रश्नात उपरोध नसावा, दोषारोप नसावा, विशेषणे नसावीत, आणि कोणाच्याही वर्तनाविषयी विचारायचे ते केवळ त्याच्या अधिकृत कामापुरते विचारावे, असे ते बजावते. विशेषणांवर बंदी घालणारा कायदा विरळाच! पण हे सारे सभागृहातील भाषेपुरते आहे. त्याच अधिनियमाच्या १३ व्या कलमान्वये कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लाजिरवाणे वर्तन करणाऱ्या सदस्यास शासन पदावरून दूर करू शकते. अभियंत्याच्या मेजावर हात आपटणे हे सदस्याचे ‘कर्तव्य बजावणे’ आहे काय, हा प्रश्न मात्र शब्दार्थाचाच होऊन बसतो.

न्यायालयातही वाद अखेर शब्दावरच आला. रमेश बाळकृष्ण कुलकर्णी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असा निर्णय दिला की, नगरपालिकेचा सदस्य हा भारतीय दंड संहितेच्या २१ व्या कलमाच्या अर्थाने ‘लोकसेवक’ नव्हे. २०१३ मध्ये राजस्थानातील मनीष त्रिवेदी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तेथील नगरपालिका अधिनियमाचा आणि १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचा आधार घेऊन सदस्यास लोकसेवक ठरविले. दोन्ही निर्णय लाचेच्या संदर्भातले आहेत. कनिष्ठाशी बोलण्याच्या रीतीला त्यांतला एकही स्पर्श करीत नाही. कर्मचाऱ्याच्या बाजूने दंड संहितेचे ३५३ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या १३२ व्या कलमाने घेतली. पण तेथे हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग सिद्ध व्हावा लागतो. नुसता पाणउतारा त्यात बसत नाही.

उपनगरांच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण तरतूद १८८८ च्या अधिनियमाच्या १६ व्या कलमात मागाहून घातली गेली. अनधिकृत बांधकाम पाडणाऱ्या सक्षम अधिकाऱ्यास जो सदस्य पत्राने किंवा प्रत्यक्ष अडवील, तो उरलेल्या मुदतीपुरता अपात्र ठरतो. सेवकाशी केलेल्या वर्तनाबद्दल सदस्याचे पद घेणारी ही स्पष्ट तरतूद होय. आणि ती सेवकाच्या प्रतिष्ठेसाठी नसून बेकायदा भिंतीसाठी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या दोन नगरसेवकांनी रस्ते विभागाच्या प्रमुख अभियंत्याच्या हाती, खड्ड्यांना आपण जबाबदार असल्याचा फलक देऊन त्याला रस्त्यावर उभे केले. गुन्हा नोंदला गेला, अभियंत्यांनी सामूहिक राजीनाम्यांचा पवित्रा घेतला. खड्डे खरे होते आणि नागरिकांचा संतापही खरा होता. परंतु जो जाब सभागृहात आयुक्ताला विचारायचा, तो रस्त्यावर त्याच्या हाताखालच्या माणसाला विचारला गेला. १८७१ पासून जी मर्यादा कष्टाने आखली गेली होती, ती येथे ओलांडली गेली.

इंग्लंडमध्ये २००० च्या अधिनियमाने सदस्यांसाठी आचारसंहिता आणि निलंबनाची शिक्षा आणली. २०११ च्या अधिनियमाने निलंबन काढून घेतले आणि संहिता तेवढी उरली. मुंबईत, त्र्याहत्तराव्या नव्हे तर चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, प्रभाग समित्या आल्या आणि सदस्य सभागृहातून अंधेरीच्या, बोरिवलीच्या, घाटकोपरच्या विभाग कार्यालयात रीतसर येऊन बसला. तेथील कनिष्ठ अभियंत्यास किंवा परिचारिकेस त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडायचे झाल्यास ते वरिष्ठांमार्फत आयुक्ताकडे जाते. आयुक्त सदस्यावर शिस्तीची कारवाई करू शकत नाही. उलट एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांशांनी ठराव केला, तर शासनाला आयुक्त परत बोलवावा लागतो. आणि हे मतदान करणाऱ्यांत तो सदस्यही असतो.