नदीकाठचा गुत्ता आणि पूर्णेवरचा घाट

मागच्या एपिसोडनंतर एका पोट्ट्याचा मेसेज आला. "दादा, आपल्या अमरावती-अकोल्याकडं जुन्या काळी लोक नदीकाठी प्यायला-खायला बसत होते का? का ही हौस आपलीच?" गमतीत विचारलं होतं त्याने. पण उत्तर शोधत गेलो, तर थेट गाडगेबाबांच्या घरात पोचलो.

आधी नदीकाठच का, ते सांगतो. दारू गाळायची म्हणजे पाणी हवं, आणि भरपूर हवं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात. ती वाळवायची, पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यायची, मग मडक्यात घालून चुलीवर चढवायची. वर येणारी वाफ गार झाली की थेंब थेंब उतरते ती दारू. वाफ गार करणारं पाणी तापतं, म्हणून ते सारखं बदलावं लागतं. त्यामुळं भट्टी लागायची ती नाल्याच्या नाहीतर नदीच्या कडेला, झुडपाआड. मेळघाटात कोरकूंच्या घरी ही दारू देवालाही चढते आणि पाहुण्यालाही मिळते, ते तिला सिडू म्हणतात. खाली सपाटीवर शिंदीची झाडं, तीही ओलाव्याला, नाल्याकाठी. शिंदीचा रस पहाटे गोड लागतो. ऊन चढलं की मात्र आंबतो आणि डोक्यात जातो.

इथवर मामला घरचा होता. 1853 ला निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं गेला आणि आबकारी हे सरकारच्या कमाईचं मोठं खातं झालं. भट्टीला परवाना, दुकानाचा लिलाव. ज्याची बोली मोठी त्याचा गुत्ता! आता बोलीचा पैसा काढायचा तर गिऱ्हाइकाने जास्त प्यायला पाहिजे, इतका सरळ हिशोब. त्यात 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्यावर भाव पडले, पण लागलेली सवय काही भावाबरोबर पडत नाही. गुत्त्यावर उधारी, उधारीपायी सावकार, सावकाराकडं शेत गहाण.

अशा काळात 1876 ला शेंडगावात, म्हणजे आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, झिंगराजी जानोरकर नावाच्या परटाच्या घरी डेबू जन्मला. परटाचं सगळं काम नदीवर. झिंगराजी दारूच्या नादी लागले, होतं नव्हतं ते गेलं आणि त्यातच ते वारले. डेबू तेव्हा लहान पोरगा. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथं डेबू गुरं राखत, शेत कसत मोठा झाला. आणि तिथंही मामाच्या जमिनीवर सावकार आलाच. बापाला गुत्त्याने नेलं, मामाचं शेत सावकाराने. ह्या पोराने लहानपणीच दोन्ही बघितलं.

पुढं त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बारसं म्हणजे भाऊबंदांना मटण आणि दारू, अशी रीत. डेबूने पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. झालं, भाऊबंद बिघडले. आपल्याला आज हे किरकोळ वाटेल. पण जातीची रीत मोडली की जात वाळीत टाकायची, तो काळ होता हा. मला तर बाबांच्या आयुष्यातलं पहिलं आंदोलन हेच वाटतं. ना भाषण ना मोर्चा, नुसतं एक ताट. शाळेत आपल्याला फक्त त्यांचा खराटा शिकवतात, पण माझ्या मते त्यांचं खरं भांडण गुत्त्याशी आणि सावकाराशी होतं.

1905 ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं. म्हणून गाडगेबाबा. भातकुली तालुक्यात पूर्णेकाठी ऋणमोचन म्हणून गाव आहे, तिथं पौषातल्या रविवारी जत्रा भरते. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका, आणि जत्रेला येणारे निम्मे कर्जात बुडालेले! 1908 ला बाबांनी तिथं पूर्णेवर घाट बांधला. जत्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालायचा पायंडाही पाडला. रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे: शेत कोणाकडं गेलं, पोरगं शाळेत का नाही, देवाच्या नावाने बोकड खाल्लं कोणी? म्हणजे बघा, तीच नदी, तीच गर्दी, तीच पंगत. फक्त ताटातलं आणि गाडग्यातलं बदललं.

सरकारला जाग यायला बराच वेळ लागला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा आला 1938 ला, ऋणमोचनच्या घाटानंतर 30 वर्षांनी. तो कितपत चालला, हा वेगळा एपिसोड होईल. चोरून गाळणारे पुन्हा नाल्याकाठीच जाऊन बसले, एवढं सांगतो. पाणी तिथंच आहे ना, बाप्पा!

आणि तो मेसेजवाला पोट्टा, तुझ्यासाठी. कधी वलगावकडं गेलास तर पेढी नदीच्या पुलाशी गाडी थांबव. 20 डिसेंबर 1956 ला बाबांना अमरावतीला नेत होते. गाडी त्या पुलाशी आली आणि तिथंच, नदीवर, त्यांचा जीव गेला.