वीस तासांचा नियम

आपल्या तुकडीत हेलिकॉप्टर चालवायला शिकलेला मी एकटाच. त्यामुळे ‘त्यावर काहीतरी लिही’ असा संपादक मंडळाचा हुकूम आला. माझ्या पराक्रमांना दोन ओळी पुरतील. त्याऐवजी, ज्या नियमावर मी एकेकाळी दात-ओठ खाल्ले, त्याचा इतिहास सांगतो.

१९९६ साली मी कॅलिफोर्नियात शिकायला गेलो, तो वडिलांनी राहते घर गहाण टाकून काढलेल्या कर्जावर. उड्डाणाचे पैसे तासावर. हेलिकॉप्टर रॉबिन्सन आर-२२, दोन माणसांचे, भरलेले वजन जेमतेम सव्वासहाशे किलो. फ्रँक रॉबिन्सन या इंजिनिअरने १९७३ मध्ये नोकरी सोडून राहत्या घरात कंपनी काढली. १९७५ मध्ये आर-२२ पहिल्यांदा उडाले, १९७९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते बनवले होते स्वतःचे हेलिकॉप्टर बाळगू इच्छिणाऱ्यांसाठी. पण स्वस्त असल्याने शिकवणाऱ्या संस्थांनीच ते उचलले. नवशिक्यांच्या हाती ते पडले ते असे.

बारा-तेरा तासांत मला एका जागी तरंगणे जमू लागले. मी ‘सोलो’बद्दल विचारले. इन्स्ट्रक्टर म्हणाले, “आर-२२ मध्ये वीस तास सोबत उडल्याशिवाय नाही. सरकारी नियम आहे, गेल्याच वर्षी आलाय.” मी मनात उरलेल्या तासांचे रुपये केले आणि चडफडलो. ते माझ्या तोंडावर दिसले असावे. त्यांनी मला बसवून गोष्ट सांगितली.

२९ जून १९९२. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंड गावापाशी एक आर-२२ शिकवणीच्या उड्डाणावर होते. विद्यार्थी अगदी नवा. घरी जाऊन धडा पुन्हा ऐकता यावा म्हणून त्याने छोटा टेपरेकॉर्डर सुरू ठेवला होता. टेपवर इन्स्ट्रक्टर शांतपणे बोलत आहेत आणि बोलता बोलताच हेलिकॉप्टर हवेत मोडते. मुख्य पंख्याचे पातेच केबिनवर आदळले होते. दोघेही गेले.

आधीच्या अशा अपघातांत ‘पंख्याचे फेरे कमी झाले असतील, वैमानिकाने दुर्लक्ष केले असेल’ असे म्हणता येत होते. इथे टेपवरचा आवाज तपासला, तर फेरे ठीक होते. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने मग आर-२२ चे जुने अपघातही पुन्हा काढले. १९९६ च्या अहवालात त्यांचा निष्कर्ष असा, की यातल्या बऱ्याच अपघातांच्या मुळाशी बहुधा दांडीला दिलेला मोठा, अचानक हिसका असावा. हे हेलिकॉप्टर हाताला इतके चटकन प्रतिसाद देते, की विद्यार्थ्याची चूक सावरायला शेजारच्याला वेळच उरत नाही.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी टायर असलेले आणि नसलेले सायकलचे चाक फिरवून दाखवले होते, आठवते? हलके चाक लवकर थांबते. आर-२२ चा पंखा तसा हलका. इंजिन बंद पडले तर सेकंदा-दीड सेकंदात डावा हात खाली गेलाच पाहिजे. त्यात दोन पाती सी-सॉसारखी एकाच बिजागरीवर. दांडी पुढे ढकलून क्षणभर वजन हरवले, की हेलिकॉप्टर आपोआप उजवीकडे कलते. माणूस साहजिकच दांडी डावीकडे नेतो आणि तिथेच घात होतो: पंख्याचा मधला भाग खांबावर आपटतो, खांब तुटू शकतो किंवा पाते केबिनमध्ये शिरते. आधी दांडी हळूच मागे घ्यायची, मग कल काढायचा. हे हवेत करून बघायला बंदी आहे, फळ्यापाशीच शिकायचे.

१९९५ च्या नियमात हे सगळे शिकवणे सक्तीचे झाले, शिकवणाऱ्यांच्या अनुभवाचीही अट आली. त्या वीस तासांपैकी माझे सात उरले होते. मी पुन्हा हिशेब केला नाही.

एकविसाव्या तासाला इन्स्ट्रक्टर खाली उतरले, डाव्या सीटचा पट्टा लावून दार बंद केले आणि दूर जाऊन उभे राहिले. त्यांचे वजन नसल्याने हेलिकॉप्टर माझ्या अंदाजाआधीच उचलले गेले. तीन फेऱ्या मारल्या, उतरलो.

त्या रात्री वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. टेपची गोष्ट त्यात घातली नाही.