असईच्या रानातली शिशाची गोळी

जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या गावाच्या रानात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेल्स्लीच्या इंग्रजी सैन्याची लढाई झाली. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले होते. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच वेल्स्लीने ताडले, की या गावांचे येणेजाणे असणारच, म्हणजे उतारही असणार. तो होता. पुढे काही तासांत वेल्स्लीच्या सुमारे साडेचार हजार कवायती सैनिकांपैकी दीड हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले. लढाई मात्र त्याने जिंकली. हाच वेल्स्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला.

इतिहासाच्या पुस्तकात या लढाईतले सेनापती येतात, तोफा येतात. शिशाची गोळी मात्र येत नाही. ती कशी तयार होई, कोण करी, करणाऱ्याच्या अंगावर त्याचे काय परिणाम होत, याकडे आपण सहसा वळत नाही. येथे तेवढाच विषय घेऊ.

प्रथम थोडे गणित करू. इंग्रज शिपायाच्या बंदुकीच्या नळीचा व्यास पाऊण इंच असे, आणि तीत जाणाऱ्या गोळीचा ०.६९ इंच, म्हणजे सुमारे १७.५ मिलिमीटर. आठवीच्या विद्यार्थ्याला गोलाच्या घनफळाचे सूत्र आणि शिशाची घनता (दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम) दिली, तर गोळीचे वजन ३२ ग्रॅम येते. अशा १४ गोळ्यांचा एक पौंड होतो. शिपायाच्या पेटीत साधारण ६० काडतुसे असत. एक हजार शिपायांना शिसे किती लागेल? साठ हजार गोळ्या, एकोणीसशे वीस किलो! हे ओझे बैलांच्या पाठीवरून दख्खनभर फिरायचे. वेल्स्लीच्या पत्रांतून बैलांची काळजी इतक्या वेळा का येते, हे या आकड्यावरून कळते.

‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द आपण ऐकतो. त्यातला ‘बारा’ हा आकडा कोणत्याही लांबीचा नाही. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एका पौंडात बारा भरते, एवढाच त्याचा अर्थ. त्या गोळीचा व्यास विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. साडेअठरा मिलिमीटर येतो. नळी मोजायला गोळीचे वजन वापरण्याची ही पद्धत ज्या काळात आली, त्या काळी कारागिराला तराजू सहज मिळे, सूक्ष्म मोजपट्टी मिळत नसे.

आता ओतण्याकडे येऊ. तोड्याची देशी बंदूक प्रत्येक कारागीर आपल्या हाताने घडवी, त्यामुळे दोन बंदुकांच्या नळ्या सारख्या नसत. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचाही बाळगावा लागे. सांडशीसारख्या दोन दांड्या, टोकाला दोन अर्धगोल खळगे आणि वर ओतण्यासाठी भोक, असा तो साचा. शेगडीवर लोखंडी पळीत शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, साचा उघडून गोळी काढायची आणि वर राहिलेली शेपटी कापायची. कंपनीच्या पलटणींना मात्र कागदात दारूसह गुंडाळलेली तयार काडतुसे मिळत, कारण त्यांच्या सगळ्या बंदुका एका मापाच्या होत्या. शिंद्यांच्या कवायती कंपूंनीही चकमकीच्या बंदुका घेतल्या होत्या. घरोघरच्या साच्याकडून एका मापाकडे झालेला हा बदल, आमच्या मते, पोशाख आणि कवायतीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

शिसेच का? ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चुलीवर वितळू शकते. लोखंडाला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. शिसे जड असल्याने लहान गोळीही वेग टिकवून धरते, आणि मऊ असल्याने लोखंडी नळी झिजवत नाही. मराठवाड्याला या धातूची ओळख जुनी आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात शिशाचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात आहे.

या कामातला पहिला धोका पाण्याचा. वितळलेल्या शिशात किंवा ओल्या साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला, तरी त्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते, आणि वर जड धातू असल्याने तिला वाट मिळत नाही. मग धातूच उसळून ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो. येथे चलाख विद्यार्थी विचारेल, की मग छर्रे तर पाण्यातच पाडतात, ते कसे? इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये तसे पेटंट घेतले होते. उंचावरून चाळणीतून वितळलेले शिसे पाडायचे. खाली येताना पृष्ठताणामुळे थेंब गोल होतो, थिजू लागतो आणि खालच्या पाण्यात पडतो. थेंब नीट गोल व्हावा म्हणून शिशात थोडे आर्सेनिक घालीत. तेथे थेंब लहान, पाणी भरपूर आणि वाफेला वर मोकळी वाट. थोडे पाणी धातूच्या खाली अडकणे आणि थोडा धातू पुष्कळ पाण्यात पडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा धोका दिसत नाही. शिशाचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे. म्हणून नुकत्याच वितळलेल्या शिशातून बाष्प फारसे निघत नाही. ते फार तापवले, की धूर वाढतो. पण पळीवर जी राखाडी-पिवळी साय धरते, ते शिशाचे ऑक्साइड असते. ती काढताना तिची पूड उडते, हाताला आणि कपड्यांना लागते, आणि हातावरून भाकरीबरोबर पोटात जाते. बेंजामिन फ्रँकलिनने १७८६ सालच्या एका पत्रात आपल्या तरुणपणची लंडनच्या छापखान्यातली हकिकत लिहिली आहे. थंडीत तो खिळे विस्तवापुढे ऊन करून जुळवी, तेव्हा एका जुन्या कामगाराने त्याला बजावले, की अशाने हात कायमचे लुळे पडतील. खिळे ओतणाऱ्या एकाने मात्र धुराची भीती हसण्यावारी नेली. माणसे हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात, असे त्याचे म्हणणे. दोघेही बरोबर होते. आपल्याकडे जावजी दादाजींनी मुंबईत खिळ्यांचा कारखाना काढून १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरीचे ते सुबक खिळेही शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचेच. ओतकामाने येणाऱ्या दुखण्यांच्या इतिहासात बंदूक आणि पुस्तक शेजारी बसतात.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहते. मुलांच्या आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते, आणि बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. रक्तात शिसे अमुक इतके असले तर चालेल, अशी सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच कारणाने भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तेव्हा शाळेत किंवा घरात, मासेमारीच्या जाळ्याचे वजन ओतायलासुद्धा, स्वयंपाकाची चूल आणि भांडी वापरू नयेत, जुन्या बॅटऱ्या तर फोडूच नयेत. परवान्याशिवाय बंदुकीच्या गोळ्या बनवणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेही विद्यार्थ्यांना माहीत असावे.

ओतकाम दाखवायचेच असेल तर मेण घ्यावे. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मेणबत्तीचे मेण वितळवून ते छोट्या वाटीत ओतले, की कडा आधी थिजतात आणि मध्ये खळगा पडतो. थिजताना पदार्थ आकसतो, आणि शेवटी थिजणाऱ्या भागाला माल अपुरा पडतो. शिसेही साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसते. म्हणूनच ओतारी साच्याच्या भोकावर थोडे जास्त शिसे ठेवीत. गोळीची शेपटी ती हीच. असाच प्रयोग पाणी गोठवून केला तर काय दिसेल, हे मुलांना आधी विचारावे.

जुन्या लढाईच्या रानात नांगराला अशी गोळी लागली, तर तिच्यावर पांढरट थर असतो. तो बहुधा शिशाचा कार्बोनेट असतो, म्हणून तो खरवडू नये व हात धुवावेत. गोळी पूर्ण गोल असेल तर ती हातातून पडलेली असण्याचा संभव अधिक, चपटी झालेली असेल तर झाडलेली. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ पासून संशोधकांनी गोळ्या आणि काडतुसे नेमकी कोठे पडली होती ते नकाशावर मांडले, आणि सैनिक कसे हलले हे त्यावरून शोधून काढले. गोळी उचलून घरी नेली, की ही माहिती जाते. म्हणून जागेची खूण करून, शक्य तर छायाचित्र घेऊन, तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे.