घटाचं पाणी: घरातलं रोप ओलं ठेवण्याचा इतिहास

मंडळी, नवरात्रात घट बसवताना मडक्याखाली काळी माती पसरतात आणि तिच्यात धान्य पेरतात. का, याचं धार्मिक उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मला आज दुसऱ्या उत्तराबद्दल बोलायचं आहे. ऊन नाही, वारा नाही, अशा देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवस ते धान हिरवं-पिवळं वाढतं कसं? त्याला पाणी कोण घालतं?

घालतं मडकंच. कुंभार माती मळताना तिच्यात राख आणि घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपतं. माठातलं पाणी गार होतं ते याच झिरपण्यामुळे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण घटात एक गोष्ट आणखी घडते. मडक्याला चिकटलेली माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते. ती पुरेशी ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. म्हणजे किती पाणी द्यायचं ते माती स्वतः ठरवते, आपण फक्त मडकं भरून ठेवायचं. माळ बदलताना पाहिलं, कमी झालं असेल तर तांब्याभर ओतलं, झालं.

आता हे दुधनीत उभं राहून सांगण्याला अर्थ आहे. हा अक्कलकोट तालुका, अगदी सीमेवरचा. बाजारात एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. आपण गाडगं म्हणतो, कन्नडमध्ये गडिगे. आपण मडकं म्हणतो, तिकडे मडके. भाषेची सीमा कागदावर आहे, कुंभाराच्या चाकावर ती कधी आली नाही. आणि पाऊस? सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर, तोही बराचसा सप्टेंबरात. ज्वारी इथे पावसावर येत नाही, पाऊस गेल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर येते. ‘ओल’ हा शब्द इथला शेतकरी पैशासारखा मोजून वापरतो. बाहेर रब्बीची पेरणी चाललेली असते आणि त्याच दिवसांत आत देवघरात घट बसलेला असतो.

या ओलीचा पद्धतशीर अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचं काम सुरू केलं आणि पुढे एन. व्ही. कानिटकर यांनी ते वाढवलं. १९३३ मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र आलं आणि १९४४ मध्ये त्यांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ निघाला. बांध घाला, बियाणं कमी टाका, कोळपणी करून वरची भेग बुजवा. या सगळ्या सल्ल्यांचं मूळ एकच, आत गेलेलं पाणी उडून जाऊ देऊ नका. घटाचं मडकं तेच करतं, फक्त हातभर जागेत. पाणी वरून शिंपडलं तर वरचेवर उडून जातं. मडक्यातून आलं तर मुळाशी येतं.

बी घरात उगवण्याचे विधी जगात पुष्कळ आहेत. तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली, तिच्यात ओसायरिस देवाच्या आकाराची लाकडी चौकट होती. नाईलचा गाळ भरून तिच्यात धान्य उगवलं होतं, सुमारे ३३०० वर्षांपूर्वी. अथेन्समध्ये बायका अडोनिसच्या सणाला फुटक्या खापरांत बडीशेप, सॅलडची पालेभाजी असं काहीबाही पेरून घराच्या छपरावर ठेवत. ऐन उन्हाळ्यात. चार दिवसांत उगवायचं आणि करपायचं, कारण खापर होतं पण पाण्याचं भांडं नव्हतं. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात सॉक्रेटिस विचारतो, शहाणा शेतकरी जपून ठेवलेलं बियाणं अशा आठ दिवसांच्या बागेत टाकील का? त्या बागेचं करपणं हाच त्या सणाचा अर्थ होता, ते खरं. पण आपल्या घटाशी ती बाग ताडून पाहा. दोन्हीकडे मातीचंच भांडं, दोन्हीकडे आठ-नऊ दिवस. एक रोप वाळतं, एक दसऱ्याला टोपीत खोवायला ताजं मिळतं. इराणात नवरोजला तर पाणी भरलेल्या मातीच्या सुरईला कापड गुंडाळून त्यावरच बी चिकटवतात. तिथे मातीसुद्धा लागत नाही.

हीच युक्ती शेतातही गेली. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शंगची नावाच्या शेतीतज्ज्ञाने खरबुजासाठी ती लिहून ठेवली आहे. खड्ड्यात मधोमध मातीचं भांडं पुरा, तोंड जमिनीच्या पातळीला, वर कौलाचं झाकण, भोवती बिया. पाणी कमी झालं की भरा. आपल्याकडे १९७० च्या दशकात हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी मडकी पुरून भाज्या आणि वेल घेतले. सरकारी भाषेत त्याला मटका सिंचन म्हणू लागले.

इथे थोडं थांबतो, कारण हल्ली यातून लगेच एक निष्कर्ष काढतात, की घटस्थापना म्हणजे पूर्वजांची बियाण्याची उगवण चाचणी. ऐकायला छान वाटतं. पण चाचणी म्हटली की बी मोजावं लागतं, कणगीकणगीचं वेगळं पेरावं लागतं. घटात सात धान्यं एकत्र मिसळून टाकतात, मोजत कोणी नाही. धान दाट आलं तर साल चांगलं, हा शकुन आहे, टक्केवारी नव्हे. आणि धानाचा पिवळा रंग सोन्याचा मानतात, तो उजेड न मिळाल्याचा रंग आहे. विधी कशासाठी सुरू झाला हे विधीवरून सिद्ध होत नाही. मडकं पाझरतं, एवढं मात्र सिद्ध आहे, आणि इतिहासाला तेवढं पुरतं.

त्या पाझरण्याचीच पंचाईत होत चालली आहे. अनेक घरांत आता तांब्याचा किंवा स्टीलचा कलश मांडतात. तो पाझरत नाही. मग हाताने पाणी शिंपडायचं, एके दिवशी विसरायचं, दुसऱ्या दिवशी दुप्पट ओतायचं. हरभरा कुजतो, वास येतो. विधी तसाच राहिला, त्यातलं यंत्र तेवढं काढून घेतलं! कुंभाराचं गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच.

तुमच्यापैकी काही जण घरात मिरची-वांग्याची रोपं करता, म्हणून शेवटी कामाचं बोलतो. कोकोपीट, प्रो-ट्रे, टायमरचा फवारा, हे सगळं चांगलं आहे, पण पैसे मागतं. संक्रांतीची सुगडं घरात पडलेली असतात आणि उन्हाळी भाजीचं बी टाकायची वेळही तीच. बिनरंगाचं सुगड घ्या, रंग असेल तर छिद्रं बुजतात. जुन्या टबाला खाली भोकं पाडा, माती भरा, मधे सुगड गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर पणती झाका. बी सुगडापासून तीन-चार बोटांच्या आत टाका. त्यापलीकडे लहान भांड्याची ओल फारशी पोचत नाही. टब मोठा असेल तर दोन सुगडं. उगवेपर्यंत वरून ओलं गोणपाट टाका, मोड दिसला की त्याच दिवशी काढा आणि टब खिडकीत उजेडाला न्या, नाहीतर घटासारखी पिवळी, लांबुडकी रोपं मिळतील. वरून पाणी घालायचा मोह आवरा. रोपं तहानेने मरतात त्याहून जास्त मुळाशी कुजून कोलमडतात.

आणि बोअरचं पाणी खारं असेल तर सुगडावर पांढरा थर चढतो, पाझर कमी होतो. नारळाच्या शेंडीने घासा, दोन दिवस उन्हात टाका. तरीही पाझरलं नाही तर नवं आणा, कुंभारवाड्यातून.